नाखवाचा

सूरच्या इस्पितळात माझ्या कार्डावर
गोमतीची जोमती झाली, त्याला अकरा वर्षं.
ग च्या जागी काय बसवायचं ते कारकुनाने जेवणाआधी ठरवलं,
मी हरकत घेतली नाही. एक्स-रे काढणारीला
नावाचं काय, सावली सरळ आली म्हणजे झालं.

आडनावावर मात्र तो थांबला.
नाखवा? म्हणजे नोखदा? कुणाचं जहाज?
मी मान ताठ केली : पणजोबाचं. धाकूचं. हर्णैचं.
घरात तेच ऐकत वाढले,
धाकू बंदराला लागला की व्यापारी वखारीतून उठून यायचे.

मग खमीस बिन जुमा आला, उजवा गुडघा घेऊन.
गुरुवार, शुक्रवारचा मुलगा.
आमच्याकडे बुध्या असायचे, सोम्या असायचे, तसंच,
फक्त इथे मुलगा बापाच्या आदल्या दिवशीचा.
काचेवरचं माझं नाव वाचून म्हणाला,
आजोबांची वही आहे घरी. हर्णैचा काथ्या असायचा त्यांच्या गलबतावर.

खाडीपलीकडे त्याचं घर. बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात कापड, कापडात वही,
वहीला अजून खारवलेल्या माशाचा वास.
सागवान इतकं. कौलं इतकी. खजुराच्या गोणी.
तो उजवीकडून बोट सरकवत आला, मी उगाच डावीकडून.
हिजरी तेराशे तीस. खलाशांची यादी.
इथे बघ, म्हणाला. दाकू.

त्यांच्या लिपीत ध नाही.
ड सुद्धा नाही, ते बरं,
नाहीतर घराण्याचा मूळपुरुष डाकू निघाला असता.

पुढे वाच, मी म्हटलं.
तो चष्मा पुसत राहिला जरा जास्तच वेळ.
दाकू, हिंदी. नोखदाचा माणूस. पाणी उपसणारा.

म्हणजे तळाला.
म्हणजे सगळे वर शीड बघताहेत आणि हा
गुडघाभर काळ्या पाण्यात, हातात डबडं,
जेवढं उपसावं तेवढं आत येतंय.

रात्री भावाला फोन लावला.
आजोबांचा शाळेचा दाखला आहे ना, फोटो पाठव.
आला. पांडू धाकू, जात, गाव, देवी काढल्या होत्या का,
आणि आडनाव : नाखवा, पुढे शाईचा डाग.
मी तो बोटांनी मोठा करून पाहिला, हाड पाहते तसा.
डागाखाली काही असेल. नसेलही.
मास्तरांनी विचारलं असेल, कुणाचा रे तू?
आणि पोरगं म्हणालं असेल, नाखवाचा.
चा वर दौत कलंडली असेल.
एका अक्षराने आम्ही तळातून सुकाणूपाशी आलो.

आणखी एक राहिलं. धाकूच्या नावापुढे आकडा होता,
सात रुपये. तेव्हा इथे आपलाच रुपया चालायचा.
त्याआधी एकच शब्द, आणि नेमका तोच कसरीने खाल्लेला.
खमीस म्हणाला, दोनच शब्द बसतात तिथे :
लहू, म्हणजे त्याला देणं,
नाहीतर अलैही, त्याच्याकडून येणं.
भोकातून पलीकडच्या पानावरचा खजूर दिसत होता.
आम्ही दोघांनी कावा ओतून घेतला.
पाकीट काढायला माझा हात पर्शीत गेला,
त्याचाही दिशदाशाच्या खिशात गेला,
आणि दोघेही थांबलो, कारण कोणी कोणाला द्यायचे?

निघताना त्याने माझा नंबर घेतला.
काय नावाने टाकलास? विचारलं.
बिन्त दाकू.
जोमती नाही, नाखवा नाही. धाकूची पोर.

भावाचा निरोप सकाळी.
नव्या घराच्या फाटकावर रंगारी आलाय,
नाखवा एवढं लिहून झालंय, डब्यात थोडा रंग उरलाय,
तू काल काहीतरी चा चं म्हणत होतीस,
लावू का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
बाहेर रांगेत आठ जण बसलेत,
पहिल्याचं मनगट, दुसऱ्याची बरगडी.